साडेपंच्याण्णवला उकळणारं पाणी

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मुलांच्या प्रयोगवह्या कोणी चाळत नाही. लोकांना धूर सोडणारा ज्वालामुखी बघायचा असतो. मी वह्या चाळल्या, कारण प्रमुख पाहुणे यायचे होते आणि ते आल्याशिवाय चहा मिळणार नव्हता. महाबळेश्वरच्या बाजूच्या एका शाळेचा गठ्ठा हाताला लागला. प्रयोगाचं नाव, पाण्याचा उत्कलनांक काढणे. निरीक्षण, १०० अंश सेल्सिअस. दुसरी वही, १००. तिसरी, १००. गठ्ठ्यात एकही वही अशी नव्हती जिच्यात पाणी ९९ला तरी उकळलं असेल.

शाळा समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास. जसजसं वर चढावं तसतशी डोक्यावरची हवा कमी, तिचा दाब कमी, आणि पाणी लवकर उकळतं. ढोबळ हिशेब असा की दर तीनशे मीटरला एक अंश. म्हणजे या शाळेत पाणी साधारण साडेपंच्याण्णवला उकळायला हवं. अख्ख्या वर्गानं जे दिसणं शक्यच नव्हतं ते पाहिल्याचं लिहिलं होतं, अक्षरही वळणदार होतं, आणि खाली लाल शाईत ‘छान’ असा शेरा होता.

टेबलामागे उभ्या असलेल्या बाई माझं तोंड बघून हसल्या. “त्या मागच्या वर्षीच्या आहेत. मी यंदा बदलून आले. आठवीचा हा प्रयोग अजून व्हायचाय, बघायला या.”

म्हणून गेलो.

प्रयोगशाळा म्हणजे लांबुळकी खोली, कडाप्प्याचे ओटे, काचेची कपाटं. आत पाऊल टाकलं की स्पिरिटचा वास. जळत्या स्पिरिटचा वेगळा आणि नुसत्या सांडलेल्याचा वेगळा. सांडलेल्याचा वास आला की प्रयोगशाळेचे मामा कुठूनही फडकं घेऊन हजर होतात. त्यांचं अधिकृत पद परिचर. मुलांना बाई काय सांगतात यापेक्षा मुलांची कोपरं कुठे आहेत याकडे त्यांचं लक्ष असतं. “यंदा अकरा गेले,” त्यांनी मला ओळखदेखीच्या आधीच सांगितलं. अकरा म्हणजे तापमापी. फुटलेल्या प्रत्येक तापमापीची नोंद त्यांच्या वहीत तारखेसकट आहे.

बाईंनी पहिला नियम सांगितला तो पेन्सिलीबद्दल. निरीक्षणं पेननं लिहायची. चुकलं तर एक रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. खोडरबर दप्तरात. वर्गात कुजबुज झाली. पेननं लिहिलेली खाडाखोड म्हणजे मार्क गेले, हे आठवीपर्यंत अंगवळणी पडलेलं असतं. बाईंच्या मते सगळ्या तालमीतली ही सर्वांत अवघड गोष्ट. काच सांभाळणं मुलं आठवड्याभरात शिकतात.

मग पाणी उकळायला घेतलं असेल असं वाटेल, पण तसं झालं नाही. आधी बर्फ आला. बाजारात स्ट्रॉबेरी क्रीम विकणाऱ्याकडून मामांनी सकाळीच आणून ठेवला होता. तो फडक्यात कुटून चंचुपात्रात घातला, थोडं पाणी सोडलं, आणि प्रत्येक गटाला सांगितलं की आपली तापमापी यात धरा. बर्फ वितळतोय तोवर तिनं शून्य दाखवलं पाहिजे. सहा गट, सहा तापमाप्या. चार शून्यावर थांबल्या, एक अर्ध्या अंशावर. एक थेट एकवर. त्या गटातला मुलगा उभा राहून म्हणाला, “बाई, आमची खराब आहे, दुसरी द्या.”

“खराब नाही. एक अंश जास्त दाखवते एवढंच. वहीत लिही आणि शेवटी एक वजा कर.”

त्याला ते पटलं नाही. माझं लक्ष पुढचा तासभर त्याच्याकडेच राहिलं. हडकुळा, कॉलरचं बटण गळ्यापर्यंत लावलेला. आपल्या वाट्याला खोटं यंत्र आलं हा त्याचा राग होता, आणि तो रास्त वाटावा असाच. शाळेच्या तापमाप्या अंबाल्याकडून येतात, तिथे या सामानाचा देशातला मोठा धंदा आहे, आणि इतक्या स्वस्त नळीकडून अर्ध्याएक अंशाच्या फरकापलीकडे अपेक्षा करण्यात अर्थ नसतो. चूक किती हे ठाऊक असलं की चुकीचं यंत्रही चालतं, ही गोष्ट तेराव्या वर्षी कळली तर पुढे फार उपयोगी पडते. पण ती सांगून कळत नाही. तो एक आकडा स्वतः वजा करावा लागतो.

दिवे पेटले. तिवई, तारेची जाळी, चंचुपात्रात निम्मं पाणी, स्टँडला दोऱ्यानं टांगलेली तापमापी. मामांनी बरणीतून फुटक्या कपाचे दोन-दोन तुकडे प्रत्येक पात्रात टाकले. गुळगुळीत काचेत पाणी कधीकधी उकळायचं विसरतं, जास्त तापतं आणि मग एकदम उसळतं. खडबडीत तुकड्यावर बुडबुड्यांना जागा मिळते. कप स्टाफरूममधला.

एका मुलीनं तापमापी पाण्यातून काढली, मनगटाला दोन झटके दिले आणि मग डोळ्यांसमोर धरली. घरी ताप बघताना आई करते तसं. आकडा भराभर उतरत गेला. मामा ओरडले, “अगं झटकू नको! बारावी जाईल!” डॉक्टरच्या पाऱ्याच्या तापमापीत नळीला मध्ये एक बारीक खाच असते. पारा चढतो पण आपण होऊन उतरत नाही, म्हणून ती काखेतून काढून उजेडात वाचता येते आणि नंतर झटकावी लागते. प्रयोगशाळेतल्या तापमापीला खाच नसते. ती पाण्यात असतानाच वाचायची. बाईंनी हे सांगितलं नाही. त्यांनी त्या मुलीला तीच कृती पुन्हा करायला लावली, झटका वगळून. तापमापी पाण्यात ७१, बाहेर काढून पाच आकडे मोजेपर्यंत साठीच्या घरात. मुलगी स्वतःशीच “हां” म्हणाली.

डोळ्याची जागा हा दुसरा घोळ. लाल धागा नळीच्या आत, रेघा नळीच्या पृष्ठावर. उभं राहून वरून पाहिलं की आकडा जास्त वाटतो, खाली वाकून पाहिलं की कमी. उंच मुलं आणि बुटकी मुलं यांच्यात अर्ध्या अंशाचं भांडण लागलं ते यामुळेच. मामांनी ओट्याखालून लाकडी पाट काढून दिला.

साठीच्या पुढे काचेच्या कडेला बारीक बुडबुडे धरले आणि दोन गटांनी “उकळलं!” म्हणून जाहीर केलं. ती पाण्यात विरघळलेली हवा. उकळणं अजून लांब. ऐंशीच्या पुढे पाणी कुरकुरायला लागलं, मग आवाज मंदावला आणि तळापासून मोठे बुडबुडे वरपर्यंत येऊन फुटू लागले. दर मिनिटाला आकडा लिहिणं चालू. ९३. ९५. साडेपंच्याण्णव. साडेपंच्याण्णव. साडेपंच्याण्णव.

“बाई, पारा थांबला!” आतला द्रव लाल अल्कोहोल असला तरी मुलांसाठी तो पाराच. तोही थांबलेला. एका गटानं वात वर ओढून ज्योत मोठी केली. पाणी जोरात खदखदलं, धागा हलला नाही.

इतका वेळ बडबडणारा वर्ग इथे गप्प झाला. मला या शांततेसाठीच यावंसं वाटलं होतं, असं आता लिहिताना वाटतं. पुस्तकात १०० आहे हे सगळ्यांना पाठ होतं. समोर साडेपंच्याण्णव होतं. मागच्या बाकावरच्या एका मुलानं इकडेतिकडे पाहून वहीत १०० लिहिलं. पेननं. बाईंनी पाहिलं, काही बोलल्या नाहीत. बटण लावलेल्या मुलाची तापमापी साडेशहाण्णववर उभी होती. तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला, मग शेजारच्या गटाच्या तापमापीकडे गेला, परत आला, आणि एक वजा केला.

मामा माझ्या बाजूला येऊन हलक्या आवाजात म्हणाले, “शंभरला न्हाय जात हितं. साडेपंच्याण्णव. बावीस वर्षं बघतोय की.”

कधी कुणाला सांगितलं नाही का?

“सांगितलं की. सर म्हणायचे, थर्मामीटर बाद हाय, शंभर लिवा.”

म्हणजे बावीस वर्षं या खोलीत पाणी साडेपंच्याण्णवला उकळत होतं, एक माणूस ते बघत होता, आणि बावीस आठव्यांनी शंभर लिहिलं. मला याचा राग आला हे लपवत नाही. पुस्तकात ‘सामान्य वातावरणीय दाबाला’ अशी अट असते. ती गाळून आकडा तेवढा पाठ करून घेतला जातो. खुद्द आंदेर्स सेल्सिअसनं १७४२मध्ये आपली मोजपट्टी मांडली तेव्हा पाण्याचं उकळणं हवेच्या दाबावर अवलंबून असतं हे त्यानं नोंदवलं होतं. गंमत अशी की त्याच्या मूळ पट्टीवर उकळतं पाणी शून्यावर आणि वितळणारा बर्फ शंभरावर होता. ती उलटवली गेली तो वारल्यानंतर.

बाईंनी मग फळ्यावर फक्त एक वजाबाकी मांडली. शंभरातून साडेपंच्याण्णव गेले, राहिले साडेचार. एका अंशाला तीनशे मीटर, तर साडेचारला किती? साडेतेराशे, असा गलका झाला. कुणीतरी गावाची उंची मोबाइलवर बघा म्हणालं. बाईंनी नाही बघितली. उलट नैनसिंग रावतांची गोष्ट सांगितली. कुमाऊंमधला हा शाळामास्तर इंग्रजांच्या सर्वेक्षण खात्यासाठी यात्रेकरूच्या वेशात १८६६मध्ये ल्हासाला पोचला. उंची मोजायला त्याच्याजवळ होती ती लपवून नेलेली तापमापी. पाणी उकळायचं, आकडा बघायचा, उंची काढायची. मुलांचे चेहरे पाहण्यासारखे झाले, कारण नेमकं तेच त्यांनी आत्ता केलं होतं, न लपवता.

बाईंनी पोलादपूरच्या एका शिक्षिकेलाही त्याच दिवशी प्रयोग करायला सांगून ठेवलं होतं. आंबेनळी घाट उतरून गेलं की जवळजवळ समुद्रसपाटीच. मधल्या सुट्टीत निरोप आला, ९९ आणि साडेनव्व्याण्णवच्या मध्ये. बटणवाल्यानं लगेच विचारलं, “त्यांनी बर्फात बघितली का?” बाईंना उत्तर माहीत नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. पोलादपूरला बर्फात बघितली नव्हती. तो आकडा फळ्यावर कंसात गेला.

होशंगाबादच्या खेड्यांत १९७२ ते २००२ असं विज्ञान शिकवलं गेलं. मुलं आधी मोजायची, आकडे एकमेकांशी जुळले नाहीत तर का ते शोधायची, आणि पुस्तक उघडं ठेवून परीक्षा द्यायची. तो कार्यक्रम सरकारनं बंद केला. आपल्याकडे परीक्षेची पद्धत तीच जुनी, त्यामुळे तास संपताना जो प्रश्न यायचा तो आलाच. मागच्या बाकावरच्या, पेननं १०० लिहिणाऱ्या मुलाचा.

“बाई, परीक्षेत काय लिहायचं?”

“पाण्याचा उत्कलनांक किती असं विचारलं तर १००, आणि ‘सामान्य दाबाला’ हे लिहायचं. तुम्हाला किती आढळला असं विचारलं तर साडेपंच्याण्णव.”

“दुसरा प्रश्न येतो का पण?”

बाई म्हणाल्या, आजवर तरी आलेला नाही. मुलानं आपल्या १००वर एक रेघ मारली, शेजारी साडेपंच्याण्णव लिहिलं, आणि ती रेघ पुरेशी बारीक आहे ना, खालचं शंभर वाचता येतंय ना, हे वही तिरकी करून बघितलं. त्याला बाईंचा नियम पाळायचा होता की परीक्षेची सोय ठेवायची होती, ते मला ओळखता आलं नाही.