पाच आवाजांत बसवलेलं गाणं



सुट्टीत माझा भाचा आला होता. दिवसभर कॉम्प्युटरसमोर. विचारलं तर म्हणाला, "आत्या, गेमचं गाणं जुन्या मशीनवर बसवतोय." मला वाटलं, एक बटण दाबलं की होत असेल. तसं नसतं.

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे कॅसेटचे गेम मिळायचे, आठवतं? मारिओ उड्या मारायचा ते? ती यंत्रं म्हणजे जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या 1983 सालच्या 'फॅमिकॉम'च्या नकला. त्यातल्या चिपला एका वेळी पाचच आवाज काढता यायचे. दोन पिपाणीसारखे. एक मऊ, खर्जासाठी. तो लहान-मोठा करता येत नाही, एकतर वाजतो नाहीतर गप्प. चौथा म्हणजे नुसती खरखर, आपलं स्टेशन लागत नसलं की येते ना, तशी! तीच खरखर तोडून तोडून वाजवली की झांज होते, ढोल होतो. पाचवा, आधी ध्वनिमुद्रित केलेला एखादा छोटा आवाज.

भाच्यानं घेतलं होतं 1991 सालच्या 'स्ट्रीट फायटर टू'मधलं गाणं. तो गेम मोठ्या मशीनवरचा. त्यात आठ सूर वाजवणारी एक चिप, शिवाय ठोक्यांसाठी दुसरी. आता दहा-बारा जणींचं भजन पाच जणींनी म्हणायचं, तर काय ठेवायचं आणि काय सोडायचं? खरं काम तेच. चाल पहिल्या पिपाणीला. दुसरी पिपाणी तीच चाल किंचित उशिरा, हळू आवाजात वाजवते, की देवळात घुमल्यासारखं वाटतं. पेटीवर आपण तीन पट्ट्या एकदम दाबतो. इथं एका आवाजातून एका वेळी एकच सूर निघतो. मग ते तिन्ही सूर इतक्या भराभर आळीपाळीनं वाजवायचे की कानाला एकत्र वाटावेत. चिपला सेकंदाला 60 वेळा सूर बदलायला सांगता येतं. जुन्या गेममधली ती थरथर यातूनच येते.

हे लिहायला 'फॅमिट्रॅकर' नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. पाच आवाजांचे पाच उभे रकाने, वरून खाली एकेक ओळ भरत जायची. दिसायला थेट बचतगटाची वही.

गाण्याखाली त्यानं फक्त स्वतःचं नाव टाकलं होतं. "मूळ चाल कुणाची रे?" त्याला ठाऊक नव्हतं. शोधलं, तर बाई निघाली! त्या गेमचं बहुतेक संगीत योको शिमोमुरा यांचं. 1987 च्या 'मेगा मॅन'चं संगीत मानामी मात्सुमाए यांचं. आणि 1986 च्या 'कॅसलव्हेनिया'चं किनुयो यामाशिता आणि सातोए तेराशिमा यांचं. त्या गेमच्या शेवटी मात्र संगीतकार म्हणून नाव झळकतं 'जेम्स बनाना'. केळ्याचं नाव, तेही बाप्याचं! टोपणनावं देण्याची तेव्हा तिकडच्या कंपन्यांत पद्धतच होती म्हणे. पण लाखो पोरं ती चाल गुणगुणत मोठी झाली, आणि घरात कुणाला त्या दोघींची नावं ठाऊक नव्हती, हे मला काही पटत नाही.

आणि दुसऱ्याची चाल विकायची असेल, तर नाव देऊन भागत नाही. ज्यांचा हक्क आहे त्यांची परवानगी लागते. हे मी त्याला बजावून सांगितलं.

आता शिमोमुराबाईंचं नाव पहिल्या ओळीत आहे, त्याचं दुसऱ्या. गाणं मात्र अजून पुरं झालेलं नाही. मधला ढोल बसत नाही म्हणतो.