बाटली कुणी ठेवली?

'सीरियल किलर' म्हणजे सीरियल बघून खून करणारा माणूस, अशी माझ्या आजीची ठाम समजूत होती. आम्ही हसायचो. पुढं कळलं, म्हातारी फार चुकत नव्हती. एफबीआयचे रॉबर्ट रेसलर यांनी लिहून ठेवलंय की, हा शब्द वापरताना त्यांच्या डोक्यात लहानपणी शनिवारी थिएटरात पाहिलेले साहसपटांचे भाग होते. ऐन मोक्यावर गोष्ट तुटायची आणि जीव पुढच्या भागाकडे लागायचा. खुन्याचंही तसंच, एका खुनावर त्याचं भागत नाही!

आमचा वाशीम जिल्हा आणि 'सीआयडी' ही एकाच वर्षाची भावंडं. मालिका जानेवारी 1998 मध्ये सुरू झाली आणि 1 जुलैला वाशीम अकोल्यातून वेगळं झालं. त्यामुळं इथली अख्खी पिढी त्या मालिकेतल्या शिवाजी साटमांची हवेत फिरणारी बोटं बघत वाढली. गल्लीत कुणाचा बोकड हरवला तरी पोरं आधी पायाचे ठसे शोधायची. मोठी माणसं कुरकुरायची, "हे बघूनच लोक खून करायला शिकतात."

खरंच शिकतात का? जर्मनीतल्या माइंझ विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तपासून पाहिलं. 2018 मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासातला एक प्रयोग तर भन्नाट आहे. लोकांपुढं बाहुलीघर ठेवलं आणि सांगितलं, इथं खून झालाय, आता पुरावे मिटवा. 'सीएसआय'सारख्या मालिका बघणारे यात न बघणाऱ्यांपेक्षा सरस ठरले नाहीत. नवल वाटतं, पण कारण साधं असावं. फरशी धुतली की रक्त गेलं, असं मालिका बघणाऱ्यालाही वाटतंच. ल्युमिनॉल हे रसायन फवारून अंधार केला की रक्तातल्या लोहामुळं तीच फरशी निळी उजळते. ब्लीचनं धुतली, तर ब्लीचही चमकतं!

आणि टीव्ही नव्हता तेव्हा काय होतं? मुंबईतला सीरियल किलर रामन राघव 1968 मध्ये पकडला गेला. तिथं दूरदर्शन आलं 2 ऑक्टोबर 1972 ला.

माझा संशय वेगळाच आहे. मालिकांनी खुन्यापेक्षा आपल्याला जास्त शिकवलं. 1985 पासून मुंबईत सायन, किंग्ज सर्कल भागात फुटपाथवर झोपलेल्या माणसांची डोकी दगडानं ठेचली जात होती. मेलेले गरीब, बेवारस. हे एकाच हाताचं काम असावं, हे ध्यानात यायला अर्धा डझन बळी जावे लागले. 1989 मध्ये कोलकात्यात तसेच खून झाले, आणि 'स्टोनमॅन' हे नाव तिथल्या वृत्तपत्रांनी दिलं. तो कोण, एक की दोघे, हे कधीच उलगडलं नाही.

2006 च्या ऑक्टोबरात दक्षिण मुंबईत पुन्हा माणसं मरू लागली. आता मात्र घरोघरी 'सीआयडी' होती. मृतदेहाजवळ बिअरची बाटली सापडल्याची बातमी आली आणि लगेच 'बिअर मॅन' जन्माला आला. मालिकेतला खुनी आपली खूण मागं ठेवतो ना, तशीच ही बाटली! त्यानं ती मालिका बघून ठेवली असेलही. पण मरीन लाइन्सच्या पुलाजवळ रिकामी बाटली पडलेली असण्यात नवल ते काय? ती 'खूण' आहे, हे ठरवायला आपले डोळे मात्र तयार होते.

एकाला अटक झाली, नार्को चाचणी झाली. जानेवारी 2009 मध्ये त्याला एका खुनासाठी जन्मठेप झाली, आणि त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयानं त्याला निर्दोष सोडलं. पुढं मे 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, संमतीशिवाय कुणाचीही नार्को चाचणी करता येणार नाही. बाटली कुणी ठेवली, हे कोर्टात आजवर सिद्ध झालेलं नाही.