फ्लेक्सची फाइल पेलेल असा लॅपटॉप

समजा, कल्याणातल्या एखाद्या नवरात्र मंडळाचा १० बाय २० फुटांचा फ्लेक्स तुमच्याकडे आला आहे. ग्राफिक डिझाइनसाठी लॅपटॉप घ्यायचा असेल, तर आधी या एका फाइलचा हिशोब करा.

१० फूट म्हणजे १२० इंच, २० फूट म्हणजे २४० इंच. फ्लेक्स लांबून बघायचा असतो, म्हणून इंचाला ७२ पिक्सेल धरू. तरी एकूण पिक्सेल होतात सुमारे १४ कोटी ९३ लाख. छपाईच्या चार शाईंसाठी प्रत्येक पिक्सेलला चार बाइट लागतात. म्हणजे फोटोशॉपमधला एकच पूर्ण भरलेला लेयर जवळजवळ ६०० एमबी होतो. असे सात-आठ लेयर झाले की ८ जीबी रॅम अपुरी पडते, माहिती एसएसडीवर जाऊ लागते आणि काम रेंगाळतं. म्हणून रॅम किमान १६ जीबी हवी आणि पुढे वाढवायला स्लॉट आहे का, तेही विचारून घ्यावं. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली असते, ती नंतर वाढवता येत नाही. एसएसडी ५१२ जीबीची घ्या आणि तिच्यात मोकळी जागा राखा.

दुसरी गोष्ट स्क्रीन, आणि पैसे इथेच घालावेत. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीत ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलेलं दिसलं, तर तो स्क्रीन फिके रंग दाखवणार. झेंडू मळकट दिसतो, आपण रंग चढवतो आणि छापून येतो तो भडक. ‘१०० टक्के एसआरजीबी’ असलेला आयपीएस स्क्रीन घ्या. बाजूने पाहिलं तरी त्यावरचे रंग फारसे बदलत नाहीत.

कोरलड्रॉमधल्या पत्रिका, लोगो, फ्लेक्स यांसाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड सहसा लागत नाही. व्हिडिओ किंवा थ्रीडी करणार असाल, तरच त्यावर खर्च करा.

तुमचा छापखाना कोणतं सॉफ्टवेअर, कोणती आवृत्ती वापरतो, हे खरेदीआधी विचारा. कोरलड्रॉ २०१९ पासून पुन्हा मॅकवरही मिळतं. पण तुमचं काम श्रीलिपीसारख्या जुन्या मराठी फॉण्टवर चालत असेल, तर विंडोज सोयीचं पडतं. रोज कल्याणहून लोकलने जाणाऱ्यांनी वजन चार्जरसकट मोजावं. गर्दीत एक किलोचा फरकही खांद्याला कळतो.

दुकानात जाताना आधी छापून घेतलेली एखादी पत्रिका आणि तिचीच पीडीएफ पेन ड्राइव्हवर न्या. पीडीएफ उघडून पत्रिका शेजारी धरा. स्क्रीन प्रकाशाने रंग दाखवतो, कागद शाईने, त्यामुळे दोन्ही तंतोतंत जुळणार नाहीत. तीन-चार लॅपटॉपवर हेच करून पाहा. ज्याच्यावर कुंकवाचा लाल आणि हळदीचा पिवळा हातातल्या पत्रिकेच्या सर्वांत जवळ जाईल, तो तुमच्या कामाचा.