आजार खरा, दाखला खोटा!

२०२३ च्या पावसाळ्यात आमच्याकडे एक गृहस्थ ‘कारणे दाखवा’ नोटीस घेऊन आले. एका मोठ्या व्यापारी इमारतीत कंत्राटदारामार्फत साफसफाईचे काम करणारे. वय पन्नाशीच्या आसपास. सहा दिवस तापाने अंथरुणाला खिळून होते. सातव्या दिवशी कामावर गेले तेव्हा सुपरवायझरने दारातच अडवले. ‘डॉक्टरचा दाखला आण, नाहीतर हजेरी लागणार नाही,’ असे बजावले. संध्याकाळी शेजारच्या मुलाने मोबाईलवर एक संकेतस्थळ काढून दिले. नाव, वय, आजार आणि किती दिवसांचा दाखला हवा एवढे भरले, पाचशे रुपये पाठवले. अर्ध्या तासात सही-शिक्क्याचे मेडिकल सर्टिफिकेट मोबाईलवर हजर! डॉक्टरने फोन केला नाही, चेहरा पाहिला नाही, नाडी तर दूरच.

कंपनीने पडताळणी केली. दाखल्यावरचा नोंदणी क्रमांक त्या नावाच्या डॉक्टरचा नव्हताच. नोटिशीत लिहिले होते, ‘बनावट दस्तऐवज सादर करून व्यवस्थापनाची फसवणूक केली. बडतर्फ का करू नये?’

ते आम्हाला एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होते, “वकीलसाहेब, ताप खरा होता हो.”

ताप खरा होता, दाखला खोटा होता. हा केवळ एका माणसाचा प्रश्न नाही. आज शहरांतून हजारो तरुण, कामगार आणि विद्यार्थी याच वाटेने जात आहेत. म्हणून या प्रश्नाकडे कायद्याच्या आणि समाजाच्या अशा दोन्ही बाजूंनी पाहिले पाहिजे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाचे नियम २००२ साली झाले. २०२३ च्या ऑगस्ट महिन्यात नवे नियम आले, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले आणि २००२ चेच नियम पुन्हा लागू झाले. या नियमांनुसार डॉक्टरने दिलेल्या प्रत्येक दाखल्याची नोंद रजिस्टरमध्ये ठेवली पाहिजे व त्याची प्रत जपली पाहिजे. दाखल्यावर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक हवा. रुग्णाची सही किंवा अंगठा, पत्ता आणि शरीरावरची किमान एक ओळखखूण हवी. दाखल्याचा नमुनाही नियमांसोबत जोडलेला आहे. ‘काळजीपूर्वक तपासणी केल्यानंतर’ मी हा दाखला देत आहे, असे त्यात डॉक्टर लिहून देतो. ज्याला सही येत नाही त्या माणसाचाही विचार त्या नमुन्यात केलेला आहे. ‘अर्ध्या तासात दाखला’ विकणाऱ्यांच्या कागदावर यातले काय असते? असतो तो केवळ एक शिक्का!

मग ऑनलाईन घेतलेला प्रत्येक दाखला बेकायदेशीर का? नाही. येथे अनेकांचा गोंधळ होतो, आणि व्यवस्थापनेही त्याचा गैरफायदा घेतात. कोरोनाच्या टाळेबंदीत, २५ मार्च २०२० रोजी, केंद्र सरकारने टेलिमेडिसीनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. नोंदणीकृत डॉक्टर व्हिडिओवरून किंवा फोनवरून रुग्णाला सल्ला देऊ शकतो. मात्र त्याने रुग्णाची ओळख पटवली पाहिजे, आपले नाव व नोंदणी क्रमांक सांगितला पाहिजे, सल्ल्याची नोंद ठेवली पाहिजे, आणि प्रत्यक्ष तपासणी आवश्यक वाटली तर तसे स्पष्ट सांगितले पाहिजे. सन २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक सहीलाही मान्यता दिलेली आहे. तेव्हा दाखला मोबाईलवर आला एवढ्यावरून तो खोटा ठरत नाही. त्यामागे डॉक्टर आणि रुग्ण यांची खरी भेट झाली का, मग ती पडद्यावर का असेना, एवढाच प्रश्न आहे. भेट झाली असेल तर तो सल्ला. भेट न होता पैसे टाकून कागद मिळाला तर तो सौदा. मागच्या तारखेचा दाखला ‘हवा तसा’ मिळेल असे कोणी सांगत असेल, तर तेथे डॉक्टर नाही, दुकानदार बसला आहे असे समजावे.

या सौद्याची शिक्षा कोणाला होते? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३६ मध्ये बनावट दस्तऐवज करण्याचा आणि कलम ३४० मध्ये तो खरा म्हणून वापरण्याचा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पूर्वी हेच गुन्हे भारतीय दंड संहितेत होते. वापरणाऱ्याला तो कागद बनावट असल्याचे माहीत होते, किंवा तसे समजायला सबळ कारण होते, हे मात्र सिद्ध करावे लागते. खोटा दाखला देणाऱ्या डॉक्टरचे नाव नोंदवहीतून काढले जाऊ शकते. पण आमच्या अशिलाच्या चौकशीत दाखला विकणारा त्या खोलीत नव्हता. त्याचा पत्ता नव्हता, खरे नाव नव्हते. खोलीत होता तो फक्त झाडू मारणारा माणूस!

आता दुसरी बाजू. माणसे हा कागद विकत का घेतात? ‘कामचुकार आहेत म्हणून,’ असे उत्तर वातानुकूलित केबिनमधून चटकन येते. ज्यांच्या आजापणजांनी या देशाची सगळी घाण उचलली, त्यांनाच कामचुकार म्हणण्याची या व्यवस्थेची सवय जुनी आहे. सरकारी कर्मचाऱ्याला वैद्यकीय दाखल्यावर रजा मिळते, तिचे नियम ठरलेले आहेत. खाजगी आस्थापनांसाठी महाराष्ट्रात २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. त्यात वर्षाला ८ दिवस किरकोळ रजा आहे, परंतु आजारपणाची वेगळी रजा नाही. ऊसतोड कामगाराचे तर विचारूच नका. तो किंवा ती तापाने फणफणली तरी मुकादमाच्या वहीत त्याचे नाव ‘खाडा’ आणि उचलीच्या हिशेबात पैसे वजा. तेथे जगातल्या मोठ्यात मोठ्या डॉक्टरचा दाखलाही चालत नाही.

शाळा-कॉलेजातही हेच. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के हजेरी लागते, आणि आजारपणामुळे सूट हवी तर वैद्यकीय कागद लागतो. ज्या मुलाचे आईवडील दोघेही रोजंदारीवर जातात, त्याला तापात दवाखान्यात नेण्यासाठी एकाची मजुरी बुडते. मूल घरीच गोळी खाऊन बरे होते, आणि परीक्षेच्या तोंडावर दाखल्याची शोधाशोध सुरू होते. पैसेवाल्याचा मात्र फॅमिली डॉक्टर असतो. एका फोनवर तो लेटरहेड पाठवतो, आणि त्या कागदाची पडताळणी करायला कोणी जात नाही!

आमच्या अशिलाच्या प्रकरणात खरा धक्का पुढे बसला. आम्ही त्यांच्या पगाराच्या पावत्या मागवल्या. १४ हजारांच्या पगारातून दर महिन्याला १०५ रुपये ‘ई.एस.आय.’ म्हणून कापले जात होते. म्हणजे हा माणूस राज्य कामगार विमा योजनेत विमाधारक होता! कामगाराच्या वेतनाचे पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के, असा २०१९ पासूनचा वर्गणीचा दर आहे. कंत्राटी कामगाराची वर्गणी भरली गेली की नाही, याची जबाबदारी मूळ मालकावरही असते. विमाधारक आजारी पडला तर योजनेच्या दवाखान्यात उपचार मिळतात, तेथील डॉक्टर दाखला देतो, आणि वर्गणीची अट पूर्ण असेल तर वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के आजारपणाचा लाभ मिळतो. आजारपणाचा लाभ चालू असताना कामगाराला कामावरून काढता येणार नाही, असे संरक्षण १९४८ च्या कायद्याच्या कलम ७३ ने दिले होते. पण या गृहस्थांना त्यांचा विमा क्रमांक कोणी सांगितला नव्हता, कार्ड हाती दिले नव्हते. जो हक्काचा दाखला त्यांना फुकट मिळाला असता, त्याची नक्कल त्यांनी पाचशे रुपयांना विकत घेतली, आणि तिच्यापायी नोकरी जायची वेळ आली!

या योजनेचा पाया कोणाच्या काळात घातला गेला, हे आपल्या वाचकांना ठाऊक असले पाहिजे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच काळात, १९४३ साली, प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम सोपवले गेले. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला, १९४८ मध्ये कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे, योजना मात्र चालू आहे. आपण जयंतीला बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालतो, पण त्यांच्या खात्यातून उभी राहिलेली ही योजना आपल्या वस्तीतल्या किती जणांना माहीत आहे? याचा विचार आम्हा कार्यकर्त्यांनीही केला पाहिजे. त्या गृहस्थांच्या वस्तीत आम्ही अनेकदा भाषणे केली होती. पगाराची पावती वाचायला मात्र एकदाही शिकवले नव्हते.

शासनाकडे आमची मागणी स्पष्ट आहे. दोन-तीन दिवसांच्या साध्या आजारासाठी कामगाराचे स्वतःचे लेखी निवेदन आणि विद्यार्थ्यासाठी पालकांचे पत्र पुरेसे मानावे. ब्रिटनमध्ये पहिल्या ७ दिवसांसाठी कामगाराचे स्वतःचे निवेदन पुरते, डॉक्टरचा कागद त्यानंतर लागतो. तेथील कामगार प्रामाणिक आणि येथील लबाड, असे कोणी म्हणणार आहे काय? साध्या सर्दी-तापालाही कागद मागितला की कागदाचा बाजार उभा राहणारच. तो बाजार चालवणाऱ्यांवर आणि त्यांना आपला नोंदणी क्रमांक वापरू देणाऱ्या डॉक्टरांवर वैद्यकीय परिषदेने कारवाई केली पाहिजे.

आणि आपल्या बांधवांना आमचे कळकळीचे सांगणे आहे. आजारी पडलात तर पहिल्याच दिवशी जवळच्या सरकारी वा पालिकेच्या दवाखान्यात जाऊन केसपेपर काढा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. जाणे शक्य नसेल तर सरकारची ‘ई-संजीवनी’ ही दूरध्वनी-व्हिडिओ सेवा मोफत आहे, तेथील डॉक्टरची चिठ्ठी जपून ठेवा. मुकादमाला किंवा वर्गशिक्षकाला त्याच दिवशी मेसेज करा आणि तो पुसू नका. पगाराची पावती मागा, ई.एस.आय. कापले जात असेल तर विमा क्रमांक मागा. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर पाहता येतो, तो पाहा. आणि नोटीस आली तर घाबरून कोऱ्या कागदावर सही करू नका, आधी जाणकाराला दाखवा.

त्या गृहस्थांचे पुढे काय झाले? घरातल्या पत्र्याच्या पेटीत एक चुरगळलेला कागद सापडला. आजाराच्या पहिल्याच दिवशी ते पालिकेच्या दवाखान्यात गेले होते, त्याचा केसपेपर! त्यावर तारीख होती, १०२ ताप होता, गोळ्यांची नावे होती. ‘हा साधा कागद कोण मानणार’ असे वाटून त्यांनी तो कोणाला दाखवलाच नव्हता. चौकशीत आम्ही तो पुढे ठेवला. दाखला कसा घेतला हे त्यांनी स्वतःच, काही न लपवता सांगितले. शेवटी ताकीद मिळाली, सहा दिवसांचा पगार गेला, पण नोकरी वाचली.

चुरगळलेल्या केसपेपरने त्यांची भाकरी राखली, चकचकीत शिक्क्याच्या सर्टिफिकेटने नव्हे. आपला आजार खरा असतो, आपले श्रम खरे असतात. मग आपला कागदही खराच असला पाहिजे. आणि तो मिळवणे सोपे करणे हे सरकारचे काम आहे, ते त्याच्याकडून करून घेणे हे आपले!