वायफाय डोंगल चालत नाही? खोकं बाजूला ठेवा, नंबर बघा

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच विचारलंय: जुन्या पीसीवर लिनक्स टाकलं, मस्त चालतंय, पण यूएसबी वायफाय डोंगल लावला की ढिम्म. आता काय, पीसी भंगारात?

अजिबात नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, त्यामुळे असे धडधाकट पीसी घरोघरी पडून आहेत. माझ्याकडचाही त्यातलाच. भाचीच्या बारावीच्या अभ्यासासाठी तो मला चालू करायचा होता, म्हणून मी काय केलं ते क्रमाने सांगतो.

पहिली पायरी, मोबाईल. डोंगलचं सॉफ्टवेअर उतरवायला नेट हवं आणि नेटसाठी डोंगल चालू हवा! यावर उपाय तुमच्या खिशातच आहे. अँड्रॉइड फोन केबलने पीसीला जोडा आणि सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. फोन घरच्या वायफायवर असेल तर डेटा पॅकही खर्च होत नाही. फक्त केबल डेटावाली हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलने काम होणार नाही.

दुसरी पायरी, नंबर. टर्मिनल उघडून एल-एस-यू-एस-बी ही पाच अक्षरं जोडून, लहान लिपीत टाइप करा. जी यादी येते तिच्यात प्रत्येक वस्तूपुढे चार-चार अक्षर-आकड्यांची जोडी दिसते. डोंगलची खरी ओळख हीच, कारण एकाच नावाच्या खोक्यात वेगवेगळ्या चिप असतात. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन घ्या: पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप, दुसरीपासून रिअलटेकची. नाव तेच, ड्रायव्हर वेगळा!

तिसरी पायरी, फर्मवेअर. ड्रायव्हर म्हणजे लिनक्सने चिपशी बोलायची भाषा, तर फर्मवेअर म्हणजे चिपच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम. बऱ्याचदा ड्रायव्हर आधीच असतो, फर्मवेअरची फाईल तेवढी नसते. डी-एम-ई-एस-जी ही आज्ञा सुडोसह चालवा; फाईल सापडत नसेल तर तिचं नावच तिथे दिसतं. ते पॅकेज टाका, डोंगल काढून परत लावा. डेबियनने १२ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, असं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच द्यायला सुरुवात केली.

काही डोंगल स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणवतात, कारण विंडोजचा ड्रायव्हर त्यांच्या पोटातच असतो. यादीत वायफायऐवजी डिस्क दिसली तर यूएसबी-मोडस्विच हे पॅकेज टाका.

एवढं करूनही जमलं नाही तर कर्नल किती जुना आहे ते बघा. रिअलटेकच्या ८८२२बीयूसारख्या काही चिपचा यूएसबी ड्रायव्हर कर्नल ६.२ पासून आतच आला. बाहेरून ड्रायव्हर उतरवून बसवता येतो, पण कर्नल अपडेट झाला की तो पुन्हा बांधावा लागतो. ते काम डीकेएमएस आपोआप करतं, तरी प्रत्येक वेळी जमेलच असं नाही.

म्हणून नवा डोंगल घेणार असाल तर दुकानदाराला 'लिनक्सवर चालेल का?' विचारत बसू नका. 'चिप कुठली, आवृत्ती कुठली?' विचारा आणि तिचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे का, ते तिथेच मोबाईलवर शोधा. दोन मिनिटांचं काम आहे, पैसे वाचतील.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर तो पीसी भंगारवाल्याला देऊ नका!