आधीच्यांनी काय शोधले? – संशोधन-आढाव्याची रीत

समजा, नंदुरबार जिल्ह्यातील सिकलसेल आजारावर आजवर काय संशोधन झाले, हे आपल्याला वर्गात मांडायचे आहे. रक्त तपासायचे नाही. इतरांनी तपासून लिहिलेले शोधनिबंध शोधायचे, वाचायचे आणि त्यांची सुसंगत मांडणी करायची. या पद्धतीला कथनात्मक आढावा म्हणतात. काम सोपे वाटते, पण त्यात तीन अडचणी येतात.

पहिली अडचण शोधण्यातच आहे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीचे अक्राणी-अक्कलकुव्याचे उल्लेख ‘धुळे’ या नावाखाली, तर आणखी जुने ‘पश्चिम खानदेश’ या नावाखाली शोधावे लागतात. फक्त ‘नंदुरबार’ शोधणाऱ्याला वाटेल, पूर्वी कोणी लक्षच दिले नाही!

दुसरी अडचण आकड्यांची. एका निबंधात रुग्णालयात आलेले रुग्ण मोजलेले असतात, तर दुसऱ्यात गावातील सर्व माणसे. शिवाय, विद्राव्यता चाचणीने रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच कळते. व्यक्ती केवळ वाहक आहे की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिससारख्या पुढच्या तपासणीतून ठरते. अशा आकड्यांची सरासरी काढण्यात अर्थ नसतो. ते वेगळे का आले, हे समजावून सांगणे हेच आढाव्याचे काम. यात चूक झाली, तर निरोगी वाहक मुलालाही लोक आजारी समजू लागतात.

तिसरी अडचण निवडीची. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन रक्तात अधिक टिकून राहिल्यामुळे भारतातील सिकलसेल सौम्य असतो, असे अनेक वर्षे लिहिले गेले. मध्य भारतातील अभ्यासांत मात्र तीव्र त्रासाचे रुग्णही आढळले आहेत. सोयीचे तेवढेच निबंध घेतले, तर दोन्हींपैकी कोणताही निष्कर्ष ‘सिद्ध’ करता येईल.

पद्धतशीर आढाव्यात शोधाचे आणि निवडीचे नियम आधीच ठरवून जाहीर करतात. कथनात्मक आढाव्यात लेखकाला अधिक मोकळीक असते. म्हणूनच कोठे शोधले, कोणते शब्द वापरले, काय वगळले आणि का, हे त्याने लिहिलेच पाहिजे.

२०२३ मध्ये देशात सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तिच्याविषयीच्या बातम्या विद्यार्थ्यांना जमवायला सांगा. प्रत्येक आकड्यापुढे तीन रकाने आखा: कोणाला तपासले? कोणत्या चाचणीने? केव्हा? रिकामे राहिलेले रकानेही त्यांना मोजू द्या.