नांगर खुंटीला, मेंढरं खाचराला

भात कापून झालं की बेटेगावपासून वाड्यापर्यंत खाचरांत धसकटं तेवढी उरतात. या रिकाम्या जमिनीत केवढा खजिना आहे, बघा!

फुकट नव्हे, पण सोन्यासारखं खत! देशावरचे धनगर पिढ्यान्‌पिढ्या दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात येतात. शेतकरी त्यांना मेंढरं 'बसवायला' सांगतो. रात्री खाचरात दोरीची जाळी, म्हणजे वाघर, ताणायची आणि कळप आत कोंडायचा. दुसऱ्या रात्री वाघर पुढच्या तुकड्यावर. मोबदला पूर्वी भाताचा, आता बहुतेक रोख.

जनावराच्या पोटात गेलेल्या नत्राचा साधारण पाऊण हिस्सा शेण-मुतातून परत येतो, आणि त्यातला मोठा वाटा मुतात असतो. उकिरड्यात शेण पोचतं, मूत वाया जातं. बसवलेल्या मेंढरांचं दोन्ही थेट मातीत!

मग जूनमध्ये आपण काय करतो? नांगरणी, चिखलणी. मातीची घडण मोडते, सेंद्रिय कर्ब झिजतो. नेरळच्या सगुणा बागेतल्या चंद्रशेखर भडसावळे यांनी यावर 'एसआरटी' हे भातशेतीचं तंत्र काढलं. गादीवाफे एकदाच करायचे, लोखंडी साच्यानं भोकं पाडून बी टोकायचं. राब नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. कापणीनंतर मुळं जमिनीतच कुजतात, गांडुळं परततात, आणि त्याच वाफ्यावर वाल किंवा हरभरा घेता येतो.

नांगराविना भात पिकवणारे जपानचे फुकुओका आपल्या शेजारी येऊन गेलेत! डहाणू-घोलवड ओलांडलं की उंबरगाव. तिथल्या देहरीत भास्कर सावे यांची 'कल्पवृक्ष' बाग त्यांनी पाहिली.

गुरं आणि बिननांगरणी एकत्र आली तर? अमेरिकेत नॉर्थ डकोटाच्या गेब ब्राऊन यांनी १९९३ पासून नांगर सोडला, पुढे आच्छादन पिकांवर गुरं चारली. सेंद्रिय पदार्थ दोन टक्क्यांखालून पाचच्या वर गेले. तिथली थंडी वेगळी, आपला पाऊस वेगळा. आकडा तसाच येईल असं नाही. दिशा मात्र पटते.

एक पथ्य कडक पाळा. ओल्या चिकण मातीत खूर पडले की जमीन दबते, वाफे ढासळतात. खाचर पुरतं वाळल्यावरच कळप आत घ्या, वाल पेरलेला तुकडा वगळा, तणनाशक मारलेल्या जागी लगेच चारू नका आणि थोडी धसकटं राखा.

येत्या दिवाळीनंतर एका खाचरात मेंढरं बसवा, जूनमध्ये तिथं नांगर घालू नका, आणि कुदळीच्या एका घावात किती गांडुळं निघतात ते शेजारच्या खाचराशी ताडून पाहा.